वळणावरची तूर

केळझरहून वर्ध्याला नोकरीवर जाताना एका वळणावर माझी स्कूटर रोज रांगायची, कारण तिथे एक आजोबा रस्ताभर तूर पसरून बसलेले असायचे. गाड्यांच्या चाकांखाली फुकटात मळणी करून घेणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिलेत. पण मळणीचा हंगाम सरून मृगाचा पाऊस तोंडावर आला, तरी हे हटेनात. एकदा चिडून थांबलो आणि शेंगा उचलून पाहिल्या. सगळ्या पोकळ.

"बाबाजी, यात दाणा कुठं आहे?"

त्यांनी काठीनं काड्या सारख्या केल्या. "दाना कवाचाच निंगाला. इथं माह्या बुढीले गाडीनं उडवलं, जागीच गेली. तवापासून टाकून राह्यलो. गाड्या हळू होतेत."

पुढे त्या वळणाच्या सुरक्षेसाठी सरकारी निधी आला आणि त्यातून एक मोठा फलक लागला. आता रस्ता मोकळा होईल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी काड्या फलकाच्या बरोब्बर समोर होत्या.

"आता काऊन, बाबाजी? बोर्ड लागला ना!"

"लागला ना. पन तो वाचाले तरी गाडी हळू झाली पायजे."

स्कूटर रांगतच होती, म्हणून मी फलक वाचला: 'सावकाश जा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे.'

आजोबा तिथेच बसून होते.