तीन निळे टाके

लॉन्ड्रीवाले काका एकतीस वर्षं लोकांचे कपडे धूत आले होते आणि एवढ्या काळात त्यांच्या हातून एकच कपडा हरवला होता. बँडमास्तरांची पांढरी पॅन्ट. बँडमास्तर पुढे गाव सोडून गेले, पण रस्त्यात कोणी पांढऱ्या पॅन्टीत दिसलं की काका अजूनही आधी पॅन्टीकडे बघत आणि मग माणसाच्या तोंडाकडे.

"अहो, पुरे आता," काकू म्हणत. "तिचं केव्हाच फडकं झालं असेल."

त्या पॅन्टीनंतर काकांनी खुणांच्या बाबतीत कधी हयगय केली नाही. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूने रंगीत दोऱ्याचे टाके पडत. दवाखान्याला तांबडी फुली, खानावळीला हिरवी आडवी रेघ, मुख्याध्यापकांना दोन पिवळे टाके. शाई धुतली जाते, चिठ्ठी सुटून पडते, दोरा मात्र जागचा हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुकान खाली आणि घर वर. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. परदेशी विद्यार्थ्यांना राहायला घरं हवीत असं कॉलेजकडून कळलं, तेव्हा काकूंनी परस्पर नाव देऊन टाकलं.

"मला विचारायचं तरी," काका म्हणाले.

"विचारलं असतं तर वर्षभर तुम्ही विचारच करत बसला असतात."

मुलगी आली ती दोन बॅगा आणि एक जाड शब्दकोश घेऊन. वय एकवीस. पाणी शुद्ध कसं करायचं याचं शिक्षण घ्यायला आलेली. इथली भाषा तिने सगळी पुस्तकातून उचललेली होती. दारातच ती वाकून म्हणाली, "महोदय, आपल्या निवासस्थानी मला आश्रय दिल्याबद्दल मी आपली ऋणी आहे."

काकांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"हे महोदय नाहीत गं, काका आहेत," काकू म्हणाल्या. "आणि मी काकू. हातपाय धू आणि जेवायला बस."

चार दिवसांत काकूंनी तिचं नाव पाणीवाली ठेवलं. कॉलेजातून आली की ती दुकानातल्या स्टुलावर बसे. एकदा तिने टाकीतलं पाणी बाटलीत घेतलं, त्यात कसलेसे थेंब टाकले आणि रंग बघून गंभीरपणे सांगितलं, "हे जल दुष्फेन आहे."

"आम्ही जड म्हणतो," काका म्हणाले. "साबणाला फेस येत नाही."

"आपणास आधीच ज्ञात होते?"

"एकतीस वर्षांपासून."

ती हिरमुसली. मग दोघंही हसली. खुणांचं तिला भारी नवल वाटे. कुठली खूण कुणाची, हे तिने वहीत उतरवून घेतलं. "आणि आपल्या घरातील वस्त्रांची खूण कोणती?" तिने विचारलं.

"घरच्यांना कसली खूण? खूण गिऱ्हाइकांना," काका ऐटीत म्हणाले. "घरचा कपडा मी डोळे मिटून ओळखतो."

बोलले आणि विसरून गेले.

तिसऱ्या आठवड्यात खानावळीच्या एप्रनांचा गठ्ठा बांधताना त्यांच्या हाताला काही मऊ लागलं. ओढून काढलं तर पिवळं लोकरी जाकीट. पाणीवालीच्या आईने विणलेलं. आणखी अर्ध्या तासाने ते खानावळीत पोचलं असतं. बँडमास्तरांची पॅन्ट डोळ्यांपुढे उभी राहिली. त्याच दुपारी त्यांनी काकूंच्या डब्यातला निळा रेशमी दोरा घेतला, जो आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला लावला नव्हता, आणि पोरीच्या एकूण एक कपड्यावर तीन बारीक टाके घातले. एवढ्या निगुतीने काम त्यांनी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

त्यानंतर पाणीवाली दुकानात यायची थांबली. ती आपली ताटली आपण धुऊन ठेवू लागली, कपडे खोलीतच बादलीत धुऊन खुर्चीवर वाळत घालू लागली. फ्रिज उघडण्याआधी परवानगी मागू लागली.

"अगं, बंद दिसला तरी कुलूप नाही त्याला," काकू म्हणाल्या. ती कसनुसं हसली आणि तरीही परवानगीसाठी थांबली.

काकूंना वाटलं, जेवण आवडत नसेल. काकांना वाटलं, घरची आठवण येत असेल. दोघांनी आपापला अंदाज आपल्यापाशीच ठेवला.

मग एका बुधवारी कॉलेजच्या बाई फाईल घेऊन आल्या. परदेशी मुलांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. "तिने घर बदलून मागितलंय," त्या म्हणाल्या. "तक्रार काही नाही हं. उलट सेवा उत्तम आहे असं लिहिलंय. दुसरं घर तयार आहे. शनिवारी अकराला येऊन तिची सही घेते."

"सेवा?" काकू म्हणाल्या.

बाईंनी कागद पुढे केला. पाणीवालीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मी येथे समाधानी ग्राहक आहे. परंतु मला कुटुंबात राहावयाचे होते.'

बाई गेल्या. काकू उठल्या, पाणीवालीचा टॉवेल आणून त्याचा काठ त्यांनी काकांपुढे उलटा केला.

"हे काय आहे?"

"खूण."

"आणि खूण कुणाला असते, असं सांगितलं होतंत तिला? मी जिन्यात होते तेव्हा."

काकांनी टॉवेल हातात घेतला. "अगं, हरवू नये म्हणून घातली."

"ते तुम्हाला ठाऊक. तिला कसं कळावं? जा, सांगा तिला."

काका वर गेले. दारात उभे राहिले. पोरीने पुस्तकातून मान वर केली. "गरम पाणी येतंय ना नीट?" काकांनी विचारलं.

"होय. सेवा उत्तम आहे."

ते खाली आले. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि कात्री पुढे ठेवली. "मग उसवा तरी."

काकांनी टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. एप्रनांचा गठ्ठा आठवला. कात्री दाबायला हात धजेना.

गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि निळ्या दोऱ्याचं रीळ संपवलं. स्वतःच्या बंड्या, शर्ट, काकूंचे गाऊन, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ. कशालाच सोडलं नाही. भांडी पुसायचं फडकं हातात घेतलं तेव्हा काकूंना राहवेना.

"आता फडक्यालाही?"

"घरातलंच आहे ना ते?"

शनिवारी सकाळी पाणीवालीने नेहमीसारखी आपली ताटली धुतली आणि पुसायला फडकं घेतलं. पुसता पुसता ती थांबली. तिने फडक्याचा काठ उजेडात धरला. मग टेबलक्लॉथ उलटून पाहिला. काका चहा पीत होते. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि परवानगी न मागता तिने त्यांची कॉलर उलटी केली.

"ही खूण कोणाची?"

"घराची," काका कपात बघत म्हणाले.

"घरास खूण नसते असे आपण म्हणाला होतात."

"नव्हती. दोघांत काय चुकणार? आता माणूस वाढलं. तुझं जाकीट खानावळीत चाललं होतं."

मग त्यांनी तिला बँडमास्तरांच्या पॅन्टीची हकीकत सुरुवातीपासून सांगितली. काकूंनी ती शंभरदा ऐकली होती, तरी त्या मध्ये बोलल्या नाहीत. चहा गार झाला.

बाई अकराला आल्या. पाणीवाली म्हणाली, "मला घर बदलायचे नाही."

"बरं. पण अर्ज मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागतं."

तिने लिहिलं. बाईंनी मोठ्याने वाचलं, "'या घरातील सर्वांच्या वस्त्रांना एकच खूण आहे.' अगं, हे काय कारण झालं?"

"पुरेसं आहे," काकू म्हणाल्या. "सरबत घेणार की चहा?"

तिघांना मिळून एक खूण म्हणजे धंद्याच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा, हे काका जाणून होते. पुढच्याच आठवड्यात ते काउंटरवर मुख्याध्यापकांचे शर्ट मोजत असताना जिन्यावरून ओरड आली.

"काका! तुमची बंडी पुन्हा माझ्या कपाटात!"

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय हो, तुमच्याकडे हल्ली कपडे बदलतात वाटतं?"

"फक्त घरचे," काका म्हणाले आणि त्यांनी पावती फाडून पुढे केली.