सातवाच महिना

आमची घरमालकीण आधी मारायची आणि कशाबद्दल ते मागाहून सांगायची. डोंबिवलीत तिची बैठी चाळ होती. उमर मिठागरात गेलेली विधवा बाई. आम्ही सगळे कारकून भाडेकरू तिला वचकून असू. एका सकाळी तिने नळावर माझ्या कानफटात दिली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "बायको पोटुशी हाय ना तुझी? मंग हंडा तिच्या डोक्यावर कसा?"

बायकोची आधीची दोन बाळंतपणं फुकट गेली होती. या खेपेलाही मध्येच रक्त दिसलं, तेव्हा कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणातून हलू नको म्हणून बजावलं. मग मालकीण आमच्या दारातच बसू लागली. शेजारणीने मिरच्या कुटायला घेतल्या, तर हिने तिचं मुसळ ओढून विहिरीत टाकलं. "हादरं बसतात पोरीला," म्हणाली.

तरी मूल वेळेआधीच आलं. भर दुपारी अंथरूण रक्ताने भिजलं. गादी खराब होईल म्हणून टांगेवाला बायकोला घेईना. मालकिणीने त्याचाच चाबूक हिसकून त्याच्या पाठीवर ओढला. "आता हाक!" त्याने कल्याणपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. मुलगी झाली. साडेतीन पौंडांची. चोखायचं बळ नव्हतं. आईचं दूध काढून कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजायचं, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी काही दिवसांनी घरी सोडलं.

घरी ठाण्याहून माझ्या काकू आल्या. त्यांनी बोटांवर महिने मोजले. "सातव्याचं जगतं. हे आठव्याचं. जीव लावू नकोस, सूनबाई. दूध आटवून टाक." बायकोने भिंतीकडे तोंड केलं आणि दूध काढणं थांबवलं.

मालकिणीने काकूंना अंबाड्याला धरून उंबऱ्यापर्यंत ओढलं. "सातवा हाय! बोल, कितवा?"

"सातवा," काकू रडत म्हणाल्या.

"तू बोल रं!"

जन्मात मी चुकीचा आकडा सांगितला नव्हता. "सातवा," मी म्हणालो.

"आठवाच आहे," बायको भिंतीकडे बघत मालकिणीला म्हणाली. "मला फसवू नका, मावशी."

मालकिणीचा हात उगारलेलाच राहिला. मग ती मटकन खाली बसली.

"माझा बी आठवाच व्हता गो. सगली बोलली, नाय जगायचा, पाजू नको. मी ऐकलं. दोन दिस रडत व्हता. भुकेनं मेला तो. आठव्या महिन्यानं नाय."

बायको कुशीवर वळली आणि तिने दूध काढायला वाटी मागितली. पाजून झाल्यावर कापसात गुंडाळलेली मुलगी तिने मालकिणीपुढे धरली. "घ्या ना, मावशी."

मालकीण मागे सरली. "नको. मिठानं खाल्लेलं हात माझं. कातडी सोलंल तिची."

मुलगी जगली. मालकीण वारली तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागली होती. तोवर मालकिणीने तिला एकदाही उचललं नाही. पोर आपण होऊन मांडीवर बसायला गेली, तर ओरडून हाकलायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची.