देवना आंडोर

प्रभूच्या प्रार्थनेत माफीची एक ओळ आहे. आम्ही दुसऱ्यांना सोडलं तसं देवानं आम्हाला सोडावं, असा तिचा अर्थ. पिंप्राळ्यातल्या आमच्या छोट्याशा मेथडिस्ट मंडळीत दर रविवारी सगळे ती एका सुरात म्हणतात आणि मी तेवढ्यापुरतं तोंड मिटते. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू होते. शेजारच्या बाईला वाटतं मला दम लागतो. वाटू दे. जे मी केलेलंच नाही ते केलं म्हणून देवाला सांगायचं, इतकी काही मी बिघडलेली नाही.

ज्यांना मी सोडलेलं नाही ते एक पाळकसाहेब आहेत. बाहेरगावचे, गोड गळ्याचे, स्वच्छ वाणीचे. त्यांचं प्रवचन असलं की लोक लांबून येतात. माझी माय त्यांच्यामुळे देवाशी बोलायची थांबली.

माय दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. लग्न करून जळगावला आली, उभा जन्म इथं काढला, पण बोली काही बदलली नाही. मी शाळेत मराठी शिकवायचे. पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईनं सुधारून घरी आले की दारातच ती विचारायची, "उनी का मन्ही आंडेर?" आली का माझी मुलगी. अहिराणीत मुलगी म्हणजे आंडेर आणि मुलगा म्हणजे आंडोर. घराघरातले साधे शब्द आहेत. पण बाहेरच्या माणसाच्या कानाला त्यातला पहिलाच तुकडा लागतो, आणि त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी येतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी धुळ्याला आमच्या मंडळ्यांचा मोठा मेळावा होता. मांडव भरलेला, व्यासपीठावर बिशपसाहेब, गावोगावच्या मंडळ्या बैठकी धरून. प्रत्येक मंडळीतल्या एकानं माइकवर प्रार्थना करायची असं ठरलं होतं. आमच्याकडून माय गेली. तिला कोण आनंद झाला होता. ठेवणीतलं लुगडं नेसली, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि घरी चुलीपुढे बसून बोलायची तशी बोलू लागली. "देवबाप, तुना आंडोर आमनासाठे मरना..."

पुढं बसलेली शहराकडची पोरंपोरी आधी फिसकली. मग मागच्या रांगा. मग मांडव. मायचे डोळे मिटलेले. तिला वाटलं, लोक गहिवरलेत, हुंदके देताहेत. म्हणून ती आणखी जोर लावून बोलायला लागली, आणि तोच शब्द तिनं पुन्हा घेतला. तेव्हा सूत्रसंचालन करणारे हे पाळकसाहेब पुढं आले, हसू आवरत त्यांनी तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि म्हणाले, "आई, देवाला समजेल अशा भाषेत बोला." मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. तिची प्रार्थना त्यांनी स्वतःच पूर्ण केली, शुद्ध मराठीत.

परतीच्या एसटीत पारोळा आला. तिनं हळूच विचारलं, "मी काय चुकनू वं?" आणि तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. स्वतःच्या आईला, तिच्या तोंडातला मुलगा लोकांना काय ऐकू आला ते मी एसटीत, शेजारच्या प्रवाशाला कळू नये म्हणून, कानात सांगितलं. तिनं पदर तोंडावर ओढला तो जळगावचा स्टँड येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर तिनं मोठ्यानं प्रार्थना केली नाही. रविवारी यायची, डोळे मिटायची, ओठ हलायचे. आवाज नसायचा. घरीसुद्धा तसंच. शेवटच्या आजारात आमच्या मंडळीचे तरुण पाळक घरी आले, आजी दोन शब्द बोला देवाशी, म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू सांग, माय. मन्हा शब्द वंगाळ शेत." माझे शब्द वाईट आहेत. मग मी तिच्या उशाशी बसून माझ्या लाल शाईच्या मराठीत तिची प्रार्थना केली आणि ती पाहुण्यासारखी आमेन म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेली.

इतक्यावरही मी कदाचित निवले असते. पण एकदा कुणीतरी मोबाइलवर या साहेबांच्या प्रवचनाची चित्रफीत पाठवली. खानदेशातली एक म्हातारी कशी प्रार्थनेला उभी राहिली, हे ते रंगवून सांगत होते. मायची मान, मायचा पदर, मायचा आवाज, सगळी नक्कल. श्रोते हसताहेत. नंतर कळलं की त्यांचा हा ठेवणीतला किस्साच आहे, प्रत्येक गावात सांगतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच राहिली. मी ठरवलं की याच माणसाच्या तोंडून, याच खानदेशात, भरल्या मांडवात मी तो शब्द काढीन. नक्कल म्हणून नाही. देवाचं नाव म्हणून.

आणि देवानं म्हणा, आणखी कुणी म्हणा, संधी दिली. गेल्या थंडीत मेळावा जळगावला आला. यजमानांत आमची मंडळी, आणि महिला मंडळाची सचिव मी. मुख्य वक्ते कोण, तर निवृत्तीनंतरही मागणी न घटलेले हे साहेब. त्यांचं नाव सभेत निघालं तेव्हा सगळ्यांत आधी अनुमोदन मी दिलं.

तयारीचे दिवस धमालीचे होते. पेंटरनं फलकावर 'मेथीडिस्ट' लिहून आणलं आणि रिक्षावरचा भोंगावाला दोन दिवस पिंप्राळाभर मेथीडिस्टांच्या मेळाव्याला येण्याचं आवाहन करत फिरला. एका भाजीवाल्या भाऊनं मला थांबवून विचारलं, जुडीचा भाव काय राहील. मीही हसले. पण आतून माझं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं.

आमच्या मेळाव्यात एक रीत आहे. संध्याकाळची सभा यजमान मंडळीच्या भजनानं सुरू होते आणि त्याचं शेवटचं कडवं मुख्य पाहुण्यानं सांगायचं, एक ओळ पाहुणा म्हणणार, तीच ओळ मागून सगळा मांडव म्हणणार. ते कडवं झाल्याशिवाय ढोलक थांबत नाही. मी भजन रचलं अहिराणीत. आयुष्यभर दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासलेली मी, मायचे शब्द कागदावर आणताना शिकाऊ पोरीसारखी अडखळत होते. ध्रुवपद होतं, "उना उना देवना आंडोर, आमना गावले उना." देवाचा मुलगा आला, आमच्या गावाला आला. शेवटचं कडवंही त्याच शब्दाशी येऊन टेकत होतं.

तालमीला आमच्याच बायका पहिल्यांदा त्या शब्दाशी आल्या की पदरात तोंड घालायच्या. घरात दिवसभर तोच शब्द बोलणाऱ्या बायका! माइक म्हटला की त्यांनाही स्वतःची लाज वाटायची. मी चिडले नाही. पुन्हा म्हणा, म्हटलं. रोज म्हणून म्हणून त्यातला चावटपणा झिजून गेला आणि मुलगा तेवढा उरला.

ढोलक वाजवणारे नाना आमच्या मंडळीत सगळ्यांत वडीलधारे. मायच्या वेळी ते धुळ्याला होते. माझ्या मनात काय शिजतंय ते त्यांनी पहिल्याच तालमीत ओळखलं. बाजूला घेऊन समजावलं की असली कामं देवावर सोडावीत, आपण मेळाव्यात डाव धरून जाऊ नये. मी त्यांना म्हटलं, देवाला मी पुष्कळ वर्षं दिली, त्याला दुसरी कामं असतील. नानांनी मान हलवली आणि ढोलकाच्या दोऱ्या ओढायला घेतल्या.

सभेच्या संध्याकाळी मांडव भरून बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. दोंडाईचा, शिंदखेडा, पहूर, कुठून कुठून लोक आलेले. साहेब व्यासपीठावर बसले होते, केस पांढरे झालेले, पण तब्येत ठणठणीत. आम्ही गायला लागलो. पहिल्या ध्रुवपदाला पुढच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. मागून मात्र, शिंदखेड्याकडच्या बायकांच्या बाजूनं, टाळ्या सुरू झाल्या. आपल्या घरातली भाषा भोंग्यातून येतेय हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

शेवटच्या कडव्याला मी स्वतः व्यासपीठावर चढले आणि ठळक अक्षरांत छापलेला कागद साहेबांच्या हातात दिला. आधी दिला असता तर त्यांनी घसा बसल्याचं सांगितलं असतं. पहिली ओळ त्यांनी वाचली. "गरिबना घरमा ऱ्हायना." मांडवानं ती उचलली. दुसरी ओळ त्यांनी डोळ्यांनी वाचली आणि ते गालात हसले. कागद खाली घेतला.

"मंडळी, या शब्दावरून एक गंमत आठवली," ते म्हणाले. "खानदेशातली एक म्हातारी एकदा प्रार्थनेला उभी राहिली."

मी हे ठरवलेलं नव्हतं. मला फक्त शब्द हवा होता. माणूस माझ्यासमोर, माझ्या गावात, तोच किस्सा सुरू करील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतल्याचा हातवारा केला. पुढचे पाहुणे हसायच्या तयारीत पुढं झुकले. भजनाचा माइक माझ्या हातातच होता.

"ती म्हातारी मन्ही माय व्हती, साहेब," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात माइकवर बोललेलं हे पहिलं अहिराणी वाक्य. "पुढे सांगा. बठ्ठा गाव ऐकी ऱ्हायना."

त्यांचा हात डोक्याशीच राहिला. मांडवात कुणी हसलं नाही. बिशपसाहेब एकदा माझ्याकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघू लागले. कुणीतरी उठून हे मिटवलं असतं, प्रार्थना करू या म्हणून पुढं गेलं असतं. तेवढ्यात नानांनी ढोलकावर थाप मारली. मग दुसरी. मग ठेका धरला. ज्यांनी मला हे करू नको म्हणून समजावलं होतं तेच नाना खाली मान घालून वाजवत होते आणि सगळा मांडव एका ओळीसाठी थांबला होता.

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "देवना... आंडोर उना," ते पुटपुटले.

"ऐकाले नही उनं," मी म्हटलं.

ते पुन्हा म्हणाले. या वेळी मोठ्यानं. आणि मग मांडव म्हणाला. नुसत्या आमच्या बायका नाहीत, सतरंजीवरचे, दारातले, चपला सांभाळणारे, सगळे. माझ्या मायचा मुलगा त्या सगळ्यांच्या तोंडून निघाला आणि कुणाच्याही तोंडावर हसू नव्हतं. मला आनंद झाला की राग आला, सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

प्रवचन त्यांनी लवकर आटोपलं. त्यात काय होतं, मला एक शब्द आठवत नाही.

नंतर प्रेमभोजन. कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. मी पाणी वाढत होते. साहेब पंगतीत बसले नव्हते. ताट न घेताच ते माझ्यापाशी आले. जवळून फार म्हातारे दिसत होते. आई आहेत का, असं त्यांनी विचारलं. नाहीत, मी सांगितलं. कशानं गेल्या, केव्हा गेल्या, असं काहीबाही त्यांनी विचारलं. मी एवढंच सांगितलं की धुळ्यानंतर तिनं तोंडातून प्रार्थना काढली नाही, मरतानासुद्धा नाही. मग त्यांनी हात जोडले.

"मला माफ करा, बाई."

किती वर्षं मी या वाक्याला मनात उत्तरं जुळवली होती. मोठमोठी, शुद्ध मराठीत. वेळ आली तेव्हा त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. त्यांचंच वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"माफी माझ्याकडं नाही, साहेब," मी म्हटलं. "तिच्याकडं मागा. फक्त तिला समजेल अशा भाषेत मागा."

त्यांना वाटलं मी टोमणा मारला. मग माझ्या चेहऱ्यावरून कळलं की मी खरंच थांबलेय. त्यांनी डोळे मिटले. जन्मभर ज्यांना शब्द कधी कमी पडले नाहीत ते भरिताच्या पातेल्याशेजारी उभे राहून दुसऱ्याच्या भाषेतला एक शब्द शोधत होते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

तसेच हलणारे ओठ मी मायच्या तोंडावर कितीतरी रविवार पाहिले होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

माय असती तर तिनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं असतं आणि आधी पाणी दिलं असतं. पाण्याचा जग माझ्या हातात होता. मी पुढच्या पंगतीला वाढायला गेले.