लोणीला कोणी लॉग ऑफ करत नसे

कंपनीचं मुख्य ऑफिस खडकीला आणि कास्टिंगची, म्हणजे ओतकामाची, शाखा लोणी काळभोरला. या दोन ठिकाणांना जोडणारी एक टेलिफोनची लाइन होती आणि ती जिवंत ठेवणं ही माझी नोकरी होती. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. पुण्यात रोज कुठल्या तरी नव्या कंपनीची पाटी लागत होती, माझ्या वर्गातले निम्मे जण परदेशी जायच्या गोष्टी करत होते, आणि मी कर्वेनगरहून स्कूटरवर कधी खडकीला, कधी लोणीला जात होते. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नव्हतं. नेटवर्कचं मला अक्षरशः वेड लागलं होतं. रविवारी दुपारी सगळं घर झोपलेलं असताना मी सर्व्हरचं जाडजूड मॅन्युअल घेऊन बसायचे. आई म्हणायची, "एवढी दहावीला अभ्यासाला बसली असतीस तर बरं झालं असतं."

लोणीत तीन कॉम्प्युटर होते आणि एक छोटा सर्व्हर. आत शिरायला प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड दिलेला. पासवर्ड बरोबर आहे की नाही ते लोणीचा सर्व्हर पाही. पण हा माणूस कोणत्या गटातला, स्टोअरचा की लॅबचा की अकाउंट्सचा, याची पूर्ण यादी खडकीला. त्यामुळे दर लॉगिनला लोणीचा सर्व्हर खडकीला विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत कोणालाही आत घ्यायचा नाही. सोलापूर रस्त्यावर तेव्हा सतत कुठे ना कुठे खोदकाम. केबल तुटली की लॉगिन बंद.

लोणीकरांनी यावर आपला उपाय काढला होता. लाइन चालू असताना एकाने आत शिरायचं आणि मग बाहेर पडायचंच नाही. तो एक म्हणजे स्टोअरकीपर काका. सोयीसाठी त्यांचं नाव मीच सगळ्या गटांत टाकून ठेवलं होतं; तो आळस माझा. त्यांच्या नावाने कॉम्प्युटर आठ-आठ, दहा-दहा दिवस उघडा असायचा आणि अख्खी शाखा त्यावर काम करायची. स्क्रीनच्या वर चिकटपट्टीने कागद लावलेला: "मशीन बंद करू नये. केल्यास चालू करून दाखवावे." मी असल्या पाट्या वाचतच मोठी झाले आहे, तरी ही मला मनापासून आवडली होती.

या व्यवस्थेत एका माणसाचं नुकसान होत होतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लॅबमध्ये एक बाई होत्या, लोणीच्याच, डिप्लोमा झालेल्या, कंत्राटावर. कास्टिंगचा कडकपणा तपासायचं काम त्या दोन वर्षं एकट्या करत होत्या. पण रिपोर्ट करायच्या काकांच्या नावाने उघडलेल्या कॉम्प्युटरवर, म्हणून प्रत्येक रिपोर्टखाली छापून यायचं काकांचं नाव.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. त्याने रिपोर्टची फाइल चाळली आणि काकांना बोलावून विचारलं, तुम्ही कडकपणा कसा मोजता? काका म्हणाले, "ते ताईस्नी इचारा. मला पोती मोजाया येत्यात." तपासनीस हसला नाही. पुढच्या गुरुवारी मी परत येतो, म्हणाला. जो तपासतो त्याच्या स्वतःच्या नावाने रिपोर्ट माझ्यासमोर निघाला पाहिजे, नाही तर ही तपासणी खडकीला हलवा.

बाईंनी मला फोन केला. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. "मॅडम, लॅब खडकीला गेली तर मी न्हाई जाऊ शकत. पोरं ल्हान हायती, येऊन जाऊन चार तास बशीत जात्याल. माझं काम संपलं मग." मी म्हटलं, करते काहीतरी. पण रस्ता खोदणाऱ्यांना काही मी आवरू शकणार नव्हते.

त्याच रविवारी मॅन्युअलमध्ये मला ते पान सापडलं. शाखेच्या सर्व्हरमध्ये एक सेटिंग होतं. ते चालू केलं की माणूस पहिल्यांदा आत येताना सर्व्हर मुख्य ऑफिसला त्याचे गट विचारतो आणि उत्तर स्वतःजवळ जपून ठेवतो. पुढच्या वेळी विचारायची गरज नाही, लाइन असो वा नसो. दर आठ तासांनी मात्र तो आपणहून सगळी उत्तरं ताजी करून घेतो. मी ते पान तीनदा वाचलं. मग आईला उठवून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आता चहा मी करायचा ना?"

बुधवारी मी लोणीला पोहोचले तेव्हा स्कूटर स्टँडवर लावायचाही धीर नव्हता. सेटिंग चालू केलं. बाईंना त्यांचा स्वतःचा पासवर्ड टाकायला लावला, दोन वर्षांत पहिल्यांदा. खडकीहून उत्तर आलं, त्या आत गेल्या. मग त्यांना बाहेर पडायला सांगितलं, भिंतीपाशी गेले आणि लाइनची केबल स्वतःच्या हाताने उपटली. "आता परत." त्यांनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि स्क्रीन उघडला. केबल माझ्या हातात लोंबत होती. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, एकटीनेच. काका दारातून म्हणाले, "म्याडम, कटाळा आलाय का?"

त्या आनंदात मी एक गोष्ट बघितलीच नाही. लॅबचं फोल्डर उघडून पाहायला मला सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी दहाला बाईंनी ते उघडलं आणि समोर आलं, परवानगी नाही. बाजूच्या केबिनमध्ये तपासनीस चहा घेत होता. मी पाहते तर बाईंचं नाव स्टोअरच्या गटात. त्या नोकरीला लागल्या होत्या स्टोअरमध्ये, मग लॅबला आल्या, आणि त्यांचं खातं कधी वापरलंच गेलं नाही म्हणून ते कोणी बदललं नव्हतं. खडकीला साहेबांना फोन लावला. साहेब सदाशिव पेठेतले. म्हणाले, "दोन वर्षं लॅब चालवणाऱ्या बाई स्टोअरमध्ये आहेत हे आपल्याला आज कळलं? बरं झालं, लवकर कळलं." पण एका मिनिटात त्यांनी खडकीच्या यादीत बदल केला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खडकीने बदल केला तरी लोणीचा सर्व्हर कालचंच उत्तर जपून बसला होता. ज्या गुणासाठी मी काल टाळ्या वाजवल्या, तोच आज आडवा आला होता. तो आपणहून पुन्हा विचारणार काही तासांनी. आमच्याकडे होता चहा संपेपर्यंतचा वेळ. मी सर्व्हरला हाताने हुकूम दिला, आत्ताच विचार. लाइनचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"ताई, लॉग ऑफ करा आणि परत या," मी म्हटलं. माणसाचे गट तो आत शिरताना ठरतात. आत बसून बदलत नाहीत.

बाईंनी माउसवरचा हात काढून घेतला. "आत हाय ना मी. भायेर पडले आन् लाइन गेली तर?"

दोन वर्षं या शाखेत बाहेर पडणं म्हणजे गुन्हा होता. त्यांची भीती मला कळत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही तीच वाटत होती. तरी म्हटलं, "पडा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लॉग ऑफ केलं.

त्याच क्षणी हिरवा दिवा गेला आणि लाल लागला. रस्त्यावर कोणीतरी कुदळ घातली होती.

उत्तर पूर्ण पोहोचलं होतं की वाटेतच तुटलं, हे मला माहीत नव्हतं आणि कळायला मार्गही नव्हता. काका मागे येऊन उभे राहिले होते. बाईंनी नाव टाकलं, एकेक अक्षर दाबून. पासवर्ड टाकला. स्क्रीन उघडला. मग त्यांनी लॅबच्या फोल्डरवर क्लिक केलं आणि ते उघडलं, दोन वर्षांच्या सगळ्या रिपोर्टांसकट.

तपासनीस आला. बाईंनी कास्टिंगचा तुकडा मशीनवर ठेवला, त्यावर पोलादी गोळी दाबली, उठलेला खड्डा भिंगातून मोजला, आकडा भरला आणि छापला. रिपोर्टच्या तळाशी त्यांचं नाव होतं, आडनावासकट. तपासनिसाने ते वाचलं, बाईंकडे पाहिलं, आणि खाली सही केली. लॅब लोणीलाच राहिली.

तो गेल्यावर काकांनी आपल्या कॉम्प्युटरवरचा कागद सोलून काढला, घडी करून खिशात ठेवला आणि नऊ दिवसांनी लॉग ऑफ केलं. "चला, मी बी सुटलो," म्हणाले.

मी वायरी आवरत होते. जेवणाची सुट्टी झाली होती, लॅबमध्ये कोणी नव्हतं, फक्त बाई खुर्चीत बसून होत्या. त्यांनी लॉग ऑफ केलं. नाव टाकलं, आत गेल्या. पुन्हा लॉग ऑफ केलं, पुन्हा नाव टाकलं. तिसऱ्यांदा तेच. मी विचारलं, "ताई, काही अडलंय का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या, स्क्रीनवरून नजर न काढता. "मला घेतंय का, ते बघतीय."

लाल दिवा अजून तसाच होता. त्या चौथ्यांदा आत गेल्या.