आत्याची तिथी

मी लिहायला बसलो हाच मुळात आगाऊपणा आहे, तो वाचणाऱ्यांनी पोटात घालावा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील देवासच्या दरबारात कारकून, आजोबाही तेच. माझं निम्मं शिक्षण हिंदीत झालं, आणि जुनं मराठी मी ऐकलं ते श्राद्धाच्या दिवशी किंवा बोलणी खाताना. चुका होतील. पण आत्याबद्दल लिहिणारं दुसरं कुणी नाही, म्हणून लिहितो.

कोकणातल्या भाऊबंदांनी कुळवृत्तांत छापायचं ठरवलं होतं. माळव्यात आलेल्या शाखेची माहिती त्यांना हवी होती: कोण कुणाचा, लग्न कुठल्या घरात झालं, हयात की मृत, मृत असल्यास तिथी. वडील मला म्हणाले, "कॉलेजात जातोस ना? मग कर एवढं." मला फार बरं वाटलं. इंदुराहून सुट्टी काढून आलो होतो आणि पितृपक्ष चालू होता, त्यामुळे तिथ्या आपोआप मिळत गेल्या. खापरपणजोबांचीसुद्धा तिथी वडिलांना पाठ होती. अडलं ते एका नावापाशी. आपल्या पाठच्या बहिणीला वडील सर्वपित्री अमावास्येला पाणी देत, ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्याबरोबर. ही आत्या मी जन्मण्याआधीच वारली, एवढंच मला सांगितलेलं होतं.

सख्ख्या बहिणीची तिथी भाऊ विसरेल, हे काही मला पटेना. मी अंदाज बांधला. तरुणपणी गेली, म्हणजे सवाष्णच गेली असणार. तिच्या नावापुढे मी 'अविधवा नवमी' लिहिलं आणि जेवणं झाल्यावर सगळा कागद वाचून दाखवला.

काका हसता हसता लवंडायचेच बाकी राहिले. "अविधवा नवमी! दादा, ऐकलंत का? नवरा मेला तरी सवाष्ण, आणि जिवंत आहे तरी श्राद्ध! काय पण कॉलेज!"

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"चांगली टुणटुणीत. तिकडे गंधवानीला, भिलांच्या मुलखात, मडमेच्या दवाखान्यात पट्ट्या बांधते."

वडिलांनी पानाचं तबक सरकवलं. "पुरे," म्हणाले. पण काकांना आता चेव आला होता.

आत्याचं सासर धारला. नवरा तापानं गेला तेव्हा ती कोवळी पोर होती. केस काढायला न्हावी बोलावला. तो परसात वस्तरा परजत असताना ती दुसऱ्या दाराने भर दुपारी बाहेर पडली आणि मडमेच्या, तेव्हा धारलाच असलेल्या, दवाखान्यात जाऊन बसली. पुढे ती किरिस्ताव झाल्याचं कळलं. सासरच्यांनी वडिलांना निरोप धाडला: आमच्या घरची नव्हे, तुमची तुम्ही निस्तरा. मग आमच्या अंगणात तिचा घटस्फोट झाला. जातीबाहेर गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घट भरून ठेवतात, तो डाव्या पायाने लाथाडतात, आणि ते माणूस मेलं असं धरून सगळे आंघोळी करतात.

"लाथ कुणाची होती माहितीये?" काका म्हणाले. "माझी. नुकती मुंज झाली होती. एका लाथेत मडकं पार तुळशीपाशी!"

दिवाळीच्या सुट्टीत मित्राकडे धारला जातो असं सांगून मी निघालो. धारच्या पुढे तिरल्याच्या एका गाडीवानाने मला गंधवानीला नेलं. तो दवाखान्याचं सामान वाहायचा. "बाई के घर के हो, भिया?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "इत्ते बरस में कोई आया नी," तो म्हणाला, आणि मग वाटभर बैलांशीच बोलत राहिला.

दवाखान्याच्या ओट्यावर आधी मडम भेटली. उन्हाने रापलेली, थोराड. मूळची जर्मन घराण्यातली, पण जन्म अमेरिकेतला. ती मराठीत बोलली आणि माझ्या अंगावर काटा आला. "अगोबाई, पाव्हणा का? हातपाय धू आधी." शब्द आमच्या स्वयंपाकघरातले होते, हेलसुद्धा. ते तिला कुणी शिकवले, हे सांगावं लागलं नाही.

आत्या बाहेर आली. चेहरा थेट वडिलांचा. तिने मला जवळ घेतलं नाही. मी वाकलो तर मागे सरकली. "शिवू नकोस. घरी गेल्यावर आंघोळ घालतील थंडीत."

मी येण्याचं कारण सांगितलं.

"दादा पाणी देतो मला?"

"हो. अमावास्येला."

"तरीच तहान लागत नाही," ती म्हणाली. मडम हसली, मला हसता आलं नाही. "आणि घट कुणी फोडला?"

"काकांनी."

"डाव्या पायाने?" ती म्हणाली. "त्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं त्याच्या. मी हळद बांधून सासरी गेले होते. दुखलं असेल."

मडमेने तिच्या घरची रीत सांगितली. त्यांच्याकडे घरातले जन्म-मृत्यू बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहितात. ती इकडे आली तेव्हा बापाने बोलणं टाकलं, पण तिचं नाव खोडलं नाही. त्यापुढची मृत्यूची जागा अजून मोकळी आहे.

"बघ," आत्या म्हणाली, "हिच्या बापाला वाट तरी बघता येते." मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "माझ्या नावापुढे हयात लिही. दुसरं काही मागत नाही. भेटायला कुणी येऊ नका. पण छापलेल्या पुस्तकात मी जिवंत असू दे."

मी लिहितो म्हणालो, आणि घरी येऊन लिहिलं.

वडिलांनी कागद दोनदा वाचला. "हे छापून आलं तर तुझ्या बहिणीला मागणी कोण घालील?"

बहीण भिंतीआड उभी होती. मी हळूच म्हणालो, "पण अण्णा, ती आहे ना."

"छान! लिही ना," काका म्हणाले. "हयात. तपास करणे, मडमेचा दवाखाना, गंधवानी. स्थळं तिकडूनच येतील हिला, टोपीवाली!"

वडिलांनी तो शब्द खोडला. मी कागद नव्याने लिहिला आणि हयातच लिहिलं. त्यांनी तो फाडला. खोटी तिथी घालून मी पाठवीना, आणि हयात लिहून ते पाठवू देईनात. कोकणातून तगादे येत राहिले. वडील माझ्याशी आईमार्फत बोलू लागले. पुढच्या सर्वपित्रीला त्यांनी मला मुद्दाम शेजारी बसवून तिळाची वाटी धरायला लावली, आणि आत्याचं नाव इतर नावांपेक्षा मोठ्याने घेतलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी घरी असताना तिरल्याचा तो गाडीवान दारात येऊन उभा राहिला. आधी इंदुरात माझ्या बिऱ्हाडी जाऊन आला होता. त्याने पागोटं काढून हातात धरलं.

"भिया, मेडम ने भेज्यो है. बाई खतम हुई गी. ताप थो."

काका आतून म्हणाले, "आता कितव्यांदा?"

कुणी आंघोळीला उठलं नाही. वडील मात्र ओसरीवरून उतरून गाडीवानाजवळ गेले. त्याच्याशी ते कितीतरी नरमाईने बोलले.

"कौनसा दिन था, भाई?"

"दिन तो याद नी, मालिक. ग्यारस थी. म्हारी घरवाली को उपास थो."

"सुदी की बदी?"

"बदी."

वडिलांनी मान हलवली. आत जाऊन दौत आणि कोरा कागद आणला, माझ्यापुढे ठेवला, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले.

"वद्य एकादशी. घे, मिळाली तिथी. लिही आता."