गुलनोराच्या ताश्कंदमध्ये वैतागलेला एक दिवस

"सुमन, आता नाई आली तर मी बोलणारच नाई तुह्याशी," गुलनोरा फोनवर म्हणाली आणि ताश्कंदला जायचं ठरलं. ही उझबेक मुलगी अमरावतीत योगाचा अभ्यासक्रम करायला आली होती आणि माझ्या माहेरच्या वरच्या खोलीत दोन वर्षं भाड्याने राहिली. मराठी ती तिथेच शिकली, त्यामुळे तिचं मराठी अस्सल वऱ्हाडी आहे.

अकोल्यातल्या आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तशी मी निघाले. आईलाही यायचं होतं, पण तिचे गुडघे काही ऐकेनात. मग तिच्याऐवजी धामणगाव रेल्वेहून माझी मोठी बहीण, ताई, आली. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. नागपूरहून दिल्ली आणि तिथून तीनेक तासांत ताश्कंद. आम्ही समरकंद-बुखाऱ्याची सहल घेतली होती, त्यात ताश्कंदसाठी एकच मोकळा दिवस होता. मला त्या दिवसात एक गोष्ट नक्की पाहायची होती, ती म्हणजे सुझनी. रेशमी धाग्यांनी भरलेलं तिथलं जुनं भरतकाम. मी स्वतः भरतकाम करते, आणि गेली कित्येक वर्षं मोबाइलवर त्या फुलांचे फोटो मोठे करकरून टाके बघत आलेय. एका जुन्या हवेलीतल्या संग्रहालयात उत्तम सुझन्या आहेत हे मी शोधून ठेवलं होतं.

गुलनोरा सकाळी लवकर येणार होती. आली तेव्हा हॉटेलचा नाश्ता आवरून टेबलं पुसून झाली होती. ताईला तिने अशी मिठी मारली की ताईची शाल खाली पडली. मी म्हटलं, "आधी संग्रहालय." ती म्हणाली, "आधी चोरसू. माही मावशी वाट पाहून राहिली."

चोरसू हा निळ्या घुमटाखालचा प्रचंड बाजार. डाळिंबं, सुकामेवा, ताटाएवढ्या गोल रोट्या. शाकाहारी असाल तर घुमटाखाली न जाता बाहेरच्या फळबाजारात रमा. ताई सरळ आत शिरली आणि टांगलेल्या जाडजूड सॉसेजपुढे थांबली.

"हे काय वं?"

"घोडा," गुलनोरा म्हणाली.

"घोडा?"

"हो ताई. लय भारी लागते."

त्यानंतर ताईने दिवसभर बाहेरच्या कशालाही तोंड लावलं नाही. पर्समधल्या चकल्या खात फिरली. मावशीच्या सुक्या जर्दाळूंच्या दुकानात आम्हाला स्टुलांवर बसवलं, चहा आला, मग आणखी चहा आला. शेजारच्या दुकानदार बायका आम्हाला बघायला आल्या. मी घड्याळाकडे पाहिलं की मावशी माझ्या ओंजळीत बदाम ओतायची.

मेट्रो मात्र चुकवू नका. तिकीट आपल्याकडच्या कटिंग चहाइतकं स्वस्त आणि एकेक स्टेशन राजवाड्यासारखं. पण गुलनोराला ते दाखवण्यात रस नव्हता. तिचा फोन सारखा वाजत होता. ती उझबेकमध्ये काहीतरी बोलायची आणि आम्हाला पुढे ढकलायची. "चाला, चाला. घरी समदे बसले हायेत."

"आणि संग्रहालय?"

"घरी जाऊन मग पाहू ना."

फलाटावर माझा संयम सुटला. "गुलनोरा, मी एवढ्या लांब जेवायला आलेली नाही! एक दिवस आहे माझ्याकडे. तोही तू नातेवाइकांत घालवून राहिलीस."

ताई म्हणाली, "सुमे, हळू बोल." पण आता बोलून झालं होतं. गुलनोराचा चेहरा पडला. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि "चाल, संग्रहालय," एवढंच म्हणाली. उतरत्या दुपारच्या गर्दीत टॅक्सी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि आम्ही पोचलो तेव्हा दारातला माणूस कडी लावत होता. मी हात जोडले, गुलनोरानेही विनवण्या केल्या. त्याने नम्रपणे मान हलवली. वेळ संपली होती. कुंपणातून बागेतली गुलाबाची झाडं तेवढी दिसली. मला अक्षरशः रडू यायला लागलं.

गुलनोराचं घर एका नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर होतं. भिंतीवर सुझनी वगैरे काही नव्हती, मोठा टीव्ही होता. आणि जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या लांबलचक दस्तरखानाभोवती आजोबा, काका, वहिन्या, पोरंटोरं अशी सगळी बसलेली. भोपळा भरलेल्या मोमोंसारख्या मंती, समोसे, सॅलड, सगळं गार झालेलं. दुपारपासून कुणी एक घास घेतला नव्हता. खास आमच्यासाठी सगळं बिनमांसाचं केलं होतं.

मी दारातच थबकले. गुलनोराची आई पुढे आली, माझे दोन्ही हात धरून बराच वेळ बोलली. गुलनोराने खाली बघतच सांगितलं, "ती म्हणते, मी अमरावतीत होती तवा तिले झोप येत नव्हती. मंग तुही आई रोज रातच्याले व्हिडिओवर माह्यं रिकामं ताट दाखवायची. भाषा येत नव्हती ना. ताट पायलं की ही झोपायची."

मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा लग्न होऊन अकोल्यात होते.

"गुलनोरा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुह्यं काई नाई," ती म्हणाली. "मीच सकाळी सांगाले पायजे होतं."

एवढ्यात ताईने पदर खोचला. "गार काहून खाता? गॅस कुठी हाये?" ती मंतीची परात उचलून स्वयंपाकघरात गेली, आणि पाठोपाठ दोन वहिन्या हसत धावल्या. ताईने त्या संध्याकाळी किती मंती खाल्ल्या हे मी इथे लिहिणार नाही.

पुढे समरकंदात सुझन्या पाहिल्या, दुकानांमधल्या. त्या हवेलीतल्या राहिल्याच, आणि त्याची चुटपुट अजून आहे. तुमची तिथे कुणी मैत्रीण असेल तर दोन दिवस ठेवा, एक शहरासाठी आणि एक तिच्या घरासाठी.

परत आल्यावर अमरावतीला गेले तर आईने ताश्कंदचं काहीच विचारलं नाही. "तिची माय कशी हाये?" एवढंच विचारलं.

गुलनोरा आता जानेवारीत येणार आहे. तिला कौंडण्यपूर, चिखलदरा, पातूरची लेणी असं काय काय दाखवायचं ते मी परवा फोनवर ताईला सांगत होते. तिने मधेच तोडलं.

"चिखलदरा कुठी पयून चालला का? तिले आधी घरी आण."