आत्याविना बारसे

नोकरीत मोठमोठे गुन्हे पाहिले. त्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पण ज्या प्रकरणात शेवटी गुन्हा असा कोणताच नोंदला गेला नाही, ते अजून माझी पाठ सोडत नाही. तेव्हा मी शहापूर तालुक्यात सहायक निरीक्षक होतो आणि भातकापणीचे दिवस होते.

डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर नऊ वर्षांच्या मुलीने खळ्यावरच्या पेंढ्यात हात घातला आणि तिला साप चावला. सकाळी नऊची गोष्ट. आईने आधी नवऱ्याला फोन लावला, कारण घरातले काहीही त्याला विचारून करायचे अशी तिला सवय. फोन बंद होता. ती लावत राहिली, त्यात अर्धा तास गेला. मग शेजाऱ्याने जीप काढली, पण रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत मुलगी गेली होती.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. पंचनामा, शवविच्छेदन, सगळे रीतसर झाले. आईचा जबाब घेताना बाई रडत नव्हती, दाराकडे बघत होती.

"पाळीवर त्यांचा फोन बंदच असतो, साहेब," ती म्हणाली. "कंपनीत नेऊ देत नाय. एक हप्ता घरी, एक हप्ता मुरबाडला. ते आल्याबिगर पोरीला नेऊ देनार नाय मी."

त्यामुळे मुलीचा देह रुग्णालयातच राहिला आणि पाडा बापाची वाट बघत बसला. मी कंपनीत फोन केला. तिथल्या माणसाने नोंदी पाहून सांगितले की या इसमाने पाच वर्षांपूर्वीच काम सोडले आहे. म्हणजे पाच वर्षे हा गृहस्थ दर पंधरवड्याला डबा घेऊन नसलेल्या नोकरीवर जात होता. आमचे हवालदार जुने खोड. ते म्हणाले, "साहेब, दुसरं घर आहे." मी त्यांना गप्प केले, पण त्यांचेच खरे निघाले.

त्याचा फोटो मुरबाडकडच्या पोलीस पाटलांना मोबाइलवर पाठवला. तासाभरात म्हशाजवळच्या एका गावातून पोलीस पाटीलबाईंचा फोन आला.

"ह्यो आमच्या गावात भाड्यानं ऱ्हातो. भाजीचा पिकअप चालवतो. आडनाव दुसरं सांगतो. बायको हाय, साडेतीन वरसांची पोर हाय. माला तवाच खटकलं व्हतं, साहेब. पोरीच्या बारशाला ह्याच्याकडची एक बाई नाय आली. आत्या नाय तर नाव कोन ठेवनार? आमी म्हटलं, आमच्यातली कोनी आत्या व्हते. तर नको म्हनला. सोताच पोरीच्या कानात नाव सांगितलं."

एवढ्या एका गोष्टीवरून त्या बाईने माणूस ओळखला होता. मी अकादमीत एवढे शिकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साध्या वेशात गेलो. अंगणात एक तरुण बाई भांडी घासत होती. तिने पोरीला आत येण्यासाठी हाक मारली आणि मी फाटकातच थांबलो. आदल्या दिवशी पंचनाम्यात मी जे नाव लिहिले होते, तेच नाव. हवालदारांनी माझ्याकडे पाहिले.

तो बाहेर आला. आमच्या बुटांवरून पोलीस ओळखायला वेळ लागत नाही. मी त्याला पिकअपच्या आडोशाला नेले आणि मुलगी गेल्याचे सांगितले. तो "बरं" म्हणाला. इतकेच. आत जाऊन बायकोला म्हणाला, "शेठचा माल आनायचा हाय, संध्याकाळी येतो." पोरीचा पापा घेतला आणि आमच्या जीपमध्ये बसला. हा माणूस आहे की दगड, मला कळेना.

नदीवरचा पूल ओलांडला आणि तो ओरडला. समोरच्या सीटवर डोके आपटायला लागला. हवालदारांनी त्याला कवेत घट्ट धरून ठेवले, तरी आवरेना.

पाणी पाजून मी विचारपूस केली. दमदाटीची गरज पडली नाही.

"तिकडं असलो की हिकडचं डोक्यात येऊ द्यायचं नाय, असा नेम केला व्हता," तो म्हणाला. "पुलावर एक फोन बंद, दुसरा चालू. नायतर दोनी घरांत हसता आलं नसतं, साहेब."

"आणि नाव?"

"झोपेत, घाईत जीभ घसरंल, ही भीती. एकच नाव असलं की चुकायला जागाच नाय." कारागिराने कामाची पद्धत सांगावी तसे त्याने सांगितले. मग हात जोडले. "जबाबात मी कंपनीत व्हतो असं लिवा."

मी ते मानले नाही. जे खरे तेच लिहिले. एवढेच केले की आधी त्याला मुलीला खांदा देऊ दिला आणि आईला नंतर सांगितले. ती ऐकत राहिली. शेवटी एकच विचारले, "त्या टायमाला दुसरा फोन चालू व्हता का?" मी हो म्हणालो. नावाचे मात्र मी तिला सांगू शकलो नाही. दुसऱ्या लग्नाची तक्रार बायकोने स्वतः कोर्टात करायची असते. तिने ती केली नाही. ती माहेरी निघून गेली.

अशी माणसे पक्की लबाड असतात, असे मी तोवर समजत होतो. हा लबाड नव्हता. दोन्ही घरांत त्याने जीव लावला होता, म्हणून तर पाच वर्षे दोघी बायकांपैकी कोणालाच संशय आला नाही. मधली भिंत त्याने बांधली, पण तिच्याखाली दुसरीच माणसे चिरडली.

चार महिन्यांनी म्हशाकडची ती तरुण बाई मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात आली. तिला आता सगळे कळले होते. पोरीचे नाव बदलायचे तर कुठे जायचे, हे तिला विचारायचे होते.

"आता घरीच असतात ते," ती म्हणाली. "पन मी पोरीला हाक मारली की उठून घरामागं जातात. सोता तर तिला हाकच मारीत नायत. पोर विचारते, आये, मी काय केलं?"

मी तिला ग्रामसेवकाकडे जायला सांगितले. हवालदारांनी पोरीच्या हातावर बिस्कीट ठेवले आणि सवयीने विचारले, "नाव काय गो तुझं?"

तिने आईच्या तोंडाकडे पाहिले आणि बिस्कीट परत टेबलावर ठेवले. नाव काही सांगितले नाही. त्या दिवशी मला त्या माणसाचा खराखुरा राग आला, आणि निवृत्त झालो तरी तो गेलेला नाही.